ढग साठवण केंद्र

बोरजाईवाडीत ढगाला कुणी चांगलं म्हणत नाही. निदान फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत तरी नाही. जून उजाडला की हीच माणसं आभाळाकडे बघून हात जोडतात. पण एकदा द्राक्षं वेलीवरून उतरून जाळीवर पडली, की ढग म्हणजे भरदिवसा दारात उभा राहिलेला चोर.

गावाच्या चारी अंगांना माळावर बेदाण्याच्या शेड आहेत. लोखंडी सांगाडे, त्यांत एकावर एक ताणलेल्या जाळ्या आणि बाजूंना हिरवं कापड. औषधाच्या पाण्यातून काढलेली द्राक्षं त्या जाळ्यांवर पसरली, की पुढचं सगळं काम वाऱ्याचं. वारा कोरडा राहिला तर बेदाणा पोपटी आणि लांबट निघतो. हवा ओलावली तर तोच बेदाणा काळपट, चिकट होऊन बसतो. शाळेतल्या मुलांना डोंगर, नदी आणि सूर्याचं चित्र काढायला सांगितलं, तर मार्चमध्ये ती ढग काढत नाहीत. कुणी काढलाच तर घरी बोलणी खातो.

अशा गावात, भर मार्चात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली. साल होतं दोन हजार सेहेचाळीस. फवारणी ड्रोन करत होते, फोन माणसासारखे गप्पा मारत होते, पण ग्रामपंचायतीचा फळा होता तिथेच होता. वरून आलेल्या इंग्रजी मजकुरातल्या एकेका शब्दाला ग्रामसेवकाने मोठ्या निष्ठेने मराठी शब्द चिकटवला होता :

‘आपल्या गावी ढग साठवण केंद्र उभारण्याचे योजिले आहे. ग्रामस्थांनी शुक्रवारच्या ग्रामसभेत आपली मते मांडावीत.’

“साठवायचा म्हंजे कशात? टाकीत?” हौसाक्काने विचारलं. हौसाक्का म्हणजे गावातली सगळ्यात धारदार जीभ.

“आवं, आलेला ढग हलत न्हाई म्हणून आपण रडतोय, आन् ही साठवायला निघालीत!” मागून कुणीतरी म्हणालं.

सरपंच दिनकरअण्णा धावत आले. “आगं, तसला ढग न्हाई त्यो! कम्प्युटरचा हाय.”

“मग कम्प्युटर म्हणा की. ढग कशाला म्हंता?”

सरपंच टोपी काढून डोकं खाजवू लागले. खरं सांगायचं तर याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं.

गर्दीच्या कडेला अंजनाक्का खराडे उभी होती. बेदाणा महिला गटाची ती प्रमुख. कोणत्या दिवशी कोणाची द्राक्षं जाळीवर टाकायची, वाळल्यावर कधी झाडून उतरवायची, हे गाव तिच्या शब्दावर ठरवायचं. तिचा शब्द आजवर फारसा चुकला नव्हता, म्हणून त्याला वजन होतं. ती शांतपणे म्हणाली, “शुक्रवारी बघू. कोण ढग घिऊन येतंय त्याला येऊ तर दे.”

सरपंच घसा खाकरून हळूच म्हणाले, “अक्का, तुमचं जावईच येणारैत.”

हौसाक्काने टाळी वाजवली. “घ्या! नाव ऋतुराज, आन् भर उन्हाळ्यात ढग घिऊन येतंय!”

*

जावई आला म्हणजे पुरणपोळी आलीच. मतभेद असले तरी जावयाला उपाशी सभेला पाठवायची रीत नाही. अंजनाक्काने ऋतुराजच्या ताटात चौथी पोळी वाढली आणि दुधाची वाटी पुढे सरकवली.

“जेवा पोटभर, जावईबापू. मग सभेत बघती मी तुमच्याकडं.”

“आई!” तिची लेक प्राची म्हणाली.

“आगं, खरं ते आधीच सांगितल्यालं बरं.”

सोप्यातून आठ वर्षांची ईरा ओरडली, “आजी, माझ्या चपला कुठे ठेवू? पाहुण्यांच्या जागी की घरच्यांच्या?”

खराड्यांच्या घरात पाहुण्यांच्या चपला सोप्यात, म्हणजे पुढच्या दारी असतात. घरच्यांच्या मागच्या दारी, न्हाणीजवळ. अंजनाक्काच्या हातातली पळी मध्येच थांबली. कारण प्रश्न चपलांचा नव्हता. गावाने केंद्राला संमती दिली, तर ते सांभाळायला ऋतुराज चार वर्षं इथेच राहणार होता. प्राचीला गावच्या शाळेत शिक्षिकेची जागा होती आणि ईराला तिथेच बसायला बाक. गावाने नाही म्हटलं, तर पुढचं ठिकाण ठरलेलं होतं : राजस्थानात, वाळवंटाच्या काठाला. अंजनाक्काचा नवरा संपतराव गेल्यापासून या घरात एकच ताट वाढलं जात होतं. नातीच्या चपला मागच्या दारी दिसाव्यात म्हणून अंजनाक्काने काय दिलं नसतं! पण अख्ख्या गावाचा बेदाणा देण्याचा तिला हक्क नव्हता.

“आत्ता सोप्यातच राहू देत, बाळा,” ती म्हणाली.

मग ती ऋतुराजकडे वळली. “मला अगदीच अडाणी समजू नका. ढग म्हंजे कम्प्युटर हे मला म्हाईत हाय. पण तुमच्या नात्यातल्या लग्नाला आलो हुतो तवा शहराबाहेर मी बघितलंय. ही एवढी बिनखिडक्यांची इमारत आन् वरनं पांढरीफेक वाफ. ह्या प्राचीनंच सांगितलं, ‘आई, तो बघ क्लाउड.’ माझ्या डोळ्यांदेखत ढग तयार हुत हुता.”

प्राचीला हसू आवरेना. ऋतुराज मात्र हसला नाही. त्याने हातातला घास खाली ठेवला.

“आई, तुम्ही बघितलं ते खरं आहे. त्या इमारती वाफ सोडतात.”

“बघ!”

“ईरा, इकडे ये,” ऋतुराजने लेकीला जवळ बसवलं. “माठातलं पाणी गार कशामुळे होतं?”

“माठ झिरपतो. बाहेर आलेलं पाणी वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं.”

“शाब्बास. तसंच आहे ते.”

मग त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. क्लाउड नावाची गोष्ट आभाळात नसते. आपला फोटो आपण ‘वर टाकला’ म्हणतो, पण तो वर जात नाही, आडवा जातो. जमिनीखालच्या, समुद्राखालच्या तारांतून जातो आणि कुठल्यातरी गावाच्या हद्दीत, सिमेंटच्या फरशीवर ठेवलेल्या संगणकात जाऊन बसतो. पूर्वी इंजिनिअर लोक यंत्रांचे आराखडे काढायचे, तेव्हा ‘इथून पुढे काय आहे ते आपण बघायचं नाही’ हे दाखवायला कागदावर एक ढग काढायचे. त्या चित्राचं नाव पडलं आणि माणसं खरंच तिकडे बघेनाशी झाली. पण संगणक कुठेही ठेवा, काम केलं की तो तापतो. तळहात एकमेकांवर घासले की तापतात, तसा प्रत्येक हिशोब थोडी ऊब मागे ठेवतो. लाखो संगणक एका छपराखाली ठेवले, तर ती भट्टीच. ती निववायला पाण्याची वाफ करावी लागते, गावंच्या गावं पितील एवढ्या पाण्याची.

“आन् हितलं पाणी?” अंजनाक्काचा आवाज कोरडा झाला.

“इथे वाफ नाही. तेच नवीन आहे. इथले संगणक आम्ही तेलासारख्या एका द्रवात बुडवून ठेवतो. त्यातून वीज जात नाही, उष्णता जाते.”

“भजी सोडल्यावानी?”

“उलटी भजी. भजी तेलातून उष्णता घेतात, हे तेलाला देतात. मग बंद नळीतलं पाणी त्या तेलाजवळून फिरतं आणि कढत होऊन बाहेर येतं. तेच पाणी निवून परत आत. थेंबभरही उडत नाही. अशा लहान लहान पेट्या गावोगाव ठेवल्या, की एका ठिकाणी भट्टी होत नाही.”

“आन् ती पाण्यातली ऊब कुठं जाती?”

“मोठे पंखे लावून माळावर सोडून देतो.”

“टाकून देता?” अंजनाक्का पळी हातात धरून बघतच राहिली. “ऊन टाकून देता?”

तिची नजर खिडकीतून माळावरच्या शेडकडे गेली. ऋतुराजची नजरही तिथेच गेली. आधी कोण बोललं यावरून पुढे त्या घरात पुष्कळ वाद झाले. ईराच्या मते दोघं एकदमच बोलले, आणि पुरणपोळी थंड झाली.

*

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढे भरली. ऋतुराज बोलायला उभा राहिला आणि त्याच्या तोंडून पहिल्याच वाक्याला चार अवघड शब्द निघाले. लोक जांभया देऊ लागले. मग प्रश्न सुरू झाले, तेव्हा कुठे सभेला रंग चढला.

“पाऊस आला की आमचा व्हिडिओ अडकतो. म्हंजे ह्यो ढग त्या ढगात अडकतो व्हय?”

“पेटी फुटली तर आमचं फोटो गटारीतनं व्हाऊन जातील का?”

“आन् गावात पेटी आली, तर अख्ख्या देशाचं गुपित आपल्या गावात? का आपलं गुपित देशात?” हे विचारणारी हौसाक्का होती.

ऋतुराज चाचपडू लागला तशी प्राची उठली. ती शाळामास्तरीण, समोर कोण बसलंय ते बघून बोलायची तिला सवय.

“हौसाकाकू, एक आकडा मनात धरा. दिनकरकाका, तुम्हीही धरा. आता दोघं बाजूला जाऊन बेरीज करा, आणि ती बेरीज फक्त माझ्या आईच्या कानात सांगा.”

तिघांनी तसं केलं.

“आता हौसाकाकू, तुम्ही देवळामागे जा. समजा, काकू म्हणजे एक पेटी आणि ती बंद पडली. दिनकरकाका, तुमचा आकडा?”

“चाळीस.”

“आई, बेरीज?”

“त्रेसष्ट.”

“मग काकूंचा आकडा काय?”

“तेवीस!” अख्खी सभा ओरडली. देवळामागून हौसाक्काचा आवाज आला, “आगं बया! बरोबर हाय की!”

“पेटी हरवली, आकडा नाही हरवला,” प्राची म्हणाली. “तुमच्या फोटोचे असेच तुकडे करतात. दहा गावांत ठेवतात, आणि असे काही बेरजेचे तुकडे जास्तीचे. दोन-तीन गावं बंद पडली तरी फोटो परत जुळतो. आणि नुसती बेरीज जिच्याजवळ आहे त्या माझ्या आईला काकूंचा आकडा कळला होता का? नाही. शिवाय तुकडे करायच्या आधी फोटोला कुलूप असतं, ते वेगळंच. बोरजाईवाडीतल्या पेटीत कुणाचंच काही सबंध नसतं.”

“पण तेवीसच का गं?” सरपंचांनी हौसाक्काला विचारलं.

“माझं लग्नाच्या टायमाचं वय.”

“खोटं! तवा सव्वीसची हुतीस. मी दीर हाय तुझा, मला सांगतीस?”

सभा हसून लोळली. पण हसणं ओसरल्यावर हौसाक्का मुद्द्यावर आलीच. “ते सगळं झालं. पण अक्का, खरं सांग. जावई आन् नात गावात राहावी म्हणून तू व्हय म्हणणार. मग आमच्या बेदाण्याचं काय?”

सगळे अंजनाक्काकडे बघू लागले. ती उठली, पदर खांद्यावरून घेतला.

“हौसे, तुझं खरं हाय. मला नात हवी हाय. म्हणून माझ्या मताला आज किंमत धरू नका. माझी शेड धरा. परवाच माझी द्राक्षं जाळीवर पडलीत. ह्या पेटीच्या कढत पाण्याची नळी माझ्या शेडला लावा. माझा बेदाणा हिरवा निघाला तर पेटी ऱ्हाईल. काळा पडला तर जावयाच्या हातात नारळ, आन् मी स्वतः त्यांना गाडीत बसवून येती.”

ईरा आईचा हात घट्ट धरून बसली होती. तिला सगळं कळलं नाही, पण आपल्या चपला आता द्राक्षांवर ठेवल्या आहेत एवढं कळलं.

*

पेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून आली. दिसायला ती पिठाच्या गिरणीच्या खोलीएवढी, पांढरी, आणि आवाज म्हणाल तर झोपलेल्या मांजराएवढा. ऋतुराजने शेडच्या एका टोकाला गाडीच्या रेडिएटरसारखी जाळी बसवली. तिच्यातून कढत पाणी फिरायचं आणि मागून पंखा हवा ढकलायचा. अंजनाक्काने बाजूची कापडं कुठे किती उघडी ठेवायची ते ठरवलं.

पहिल्याच दुपारी ती ओरडली, “बंद करा! भाजून काढताय काय?”

बेदाण्याला ऊब हवी, चटका नको. चटका बसला की तो तपकिरी होतो. ऋतुराजने पंख्याचा वेग आणि नळीची झडप जुळवली, अंजनाक्काने चार मणी दाताखाली धरून बघितले. असं करत करत तिसऱ्या दिवसापर्यंत सासू-जावयाचं सूत जमलं. तो आकडे वाचायचा, ती मणी चावायची, आणि दोघांचं उत्तर एकच यायला लागलं.

“पण मी म्हंतो, नुसता हिटर का लावत न्हाई?” सरपंचांनी एकदा विचारलं.

“अण्णा, हिटर वीज खातो आणि ऊब देतो, बस. ही पेटी त्याच विजेत आधी काम करते आणि मग ऊब देते.”

“म्हंजे एका भाड्यात दोन फेऱ्या.”

“अगदी!”

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दक्षिणेकडून अवकाळी आभाळ आलं.

सकाळी क्षितिजावर नुसती पांढरी रेघ होती. दुपारी आभाळ भरून आलं, वारा पडला, आणि भुरभुर सुरू झाली. माळावर सगळ्या शेडवर प्लॅस्टिकचे कागद ओढायची धांदल उडाली. बहुतेकांचा माल वाळून झाडून झाला होता. ऐन मध्यावर अडकली होती ती अंजनाक्काची द्राक्षं. अर्धी ओली, अर्धी वाळलेली. हीच खरी नाजूक वेळ. आणि नेमकी त्याच वेळी शेडमधली हवा गार पडू लागली.

“जावईबापू, पेटी बंद पडली काय?”

“बंद नाही, आई. रिकामी आहे.” ऋतुराजच्या कपाळावर घाम होता. “गावाची संमती मिळेपर्यंत देशभरातलं काम हिला जोडायला परवानगी नाही. आतापर्यंत आम्ही हिला तपासणीची कामं देत होतो, ती आज संपली. काम नाही, म्हणून ऊब नाही.”

ईराने शेडमध्ये हात फिरवला. “बाबा, ऊब नसली तर द्राक्षं का वाळत नाहीत?”

“हवा म्हणजे पंचा समज. ओल्या पंच्याने अंग पुसलं जातं का? पावसात हवा ओला पंचा होते. ती तापवली की पंचा मोठा होतो, त्याला आणखी पाणी टिपता येतं.” तो अंजनाक्काकडे वळला. “काळजी करू नका. मी हिला खोटं काम देतो. नुसते आकडे गुणायचे आणि पुसून टाकायचे. गुणायचे, पुसायचे. तापेल लगेच.”

त्याने पेटीच्या पडद्याकडे हात नेला तोच अंजनाक्काने त्याचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने जावयाचा हात असा धरला असेल.

“रिकामं जातं फिरवू नये.”

“काय?”

“रिकामं जातं फिरवू नये, रिकामा पाळणा हलवू नये. आमच्याकडं असं करत न्हाईत.”

“आई, हे जातं नाही! आणि द्राक्षं काळी पडायला आली आहेत!”

“खोटं काम करून तापवली, तर ही आन् हिटर ह्यात फरक काय? अण्णांना काय सांगितलंत तुम्ही? आन् गावाला मी काय दावू? की ढग आला तवा जावयानं शेगडी पेटवली?” तिने त्याचं मनगट सोडलं नाही. “दळायला न्हाई म्हणून जातं रिकामं फिरवायचं न्हाई. शेजारी जाऊन दळण मागायचं. हिला कसलं काम लागतं, सांगा.”

ऋतुराजने हात सैल सोडला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. “जड काम. जुने व्हिडिओ स्वच्छ करणं फार जड असतं. एकेक चित्र तपासून, डाग पुसून, आवाज वेगळा काढून...”

अंजनाक्का पुढचं ऐकायला थांबलीच नाही. डोक्यावर पोतं घेऊन ती भुरभुर पावसात गावाकडे निघाली आणि पहिलं दार ठोठावलं ते हौसाक्काचं.

“हौसे, तुझ्या लग्नाची सीडी हाय का गं अजून?”

“हाय की. पण दिसत काय न्हाई तीत. नुसत्या मुंग्या.”

“घिऊन चल. माझ्या बेदाण्याला ऊब कमी पडलीय.”

हौसाक्काला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. पण पावसात भिजत दारात आलेल्या अंजनाक्काला तिने आजवर परत पाठवलं नव्हतं, आणि टोमणा मारायचा तर आधी मदत करावी लागते हेही तिला ठाऊक होतं.

*

मग त्या दिवशी माळावर जी जत्रा भरली, तशी बोरजाईवाडीत कधीच भरली नव्हती. माणसं छत्र्या, पोती, प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेऊन यायला लागली आणि प्रत्येकाच्या हातात दळण होतं. लग्नाच्या सीड्या. कुणाच्या जुन्या फोनमध्ये अडकून पडलेले फोटो. भजनी मंडळाच्या खरखरत्या ध्वनिफिती. सरपंचांनी गावच्या कुस्तीचं चित्रण आणलं. त्यात ते हरले होते हे गाव विसरलं होतं, तेही पुन्हा सगळ्यांना कळणार होतं, पण वेळच तशी होती. प्राची शाळेतली मुलं घेऊन आली आणि मुलांनी पेटीला असे प्रश्न घातले, की बिचारीला दम खायला फुरसत मिळेना.

“हे आभाळातले ढग पुढे कुठे जाणार ते हिला काढता येईल?” ईराने विचारलं.

“येईल की! त्याच्याइतकं जड गणित नाही.” ऋतुराजने आजूबाजूच्या गावांतल्या हवामापकांचे आकडे पेटीत सोडले. माळाच्या वर हवेचे लहान लहान चौकोन कल्पून, प्रत्येकात ओल किती, वारा कुठला, एक चौकोन शेजारच्याला काय देतो, हे ती मोजू लागली. आभाळ जितकं गढूळ, तितकं गणित जड. गणित जितकं जड, तितकी ऊब जास्त.

“म्हंजे वरचा ढग जेवढा जोर करील,” सरपंच सावकाश म्हणाले, “तेवढा खालचा ढग तापणार?”

“आज तरी तसंच झालंय, अण्णा!”

शेडमधल्या पंख्याची हवा पुन्हा उबदार येऊ लागली. अंजनाक्काने तळहात जाळीखाली धरला, डोळे मिटले, आणि मान हलवली.

तेवढ्यात पेटीच्या पडद्यापाशी कुणीतरी किंचाळलं. हौसाक्काच्या लग्नातल्या मुंग्या उडून गेल्या होत्या. पडद्यावर लख्ख ऊन होतं, चाळीस वर्षांमागचं. हिरव्या शालूतली हौसाक्का खाली मान घालून मिस्किल हसत होती. शेजारी तिची आई, जिचा एकही धड फोटो घरात नव्हता, लेकीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या सारख्या करत होती. आणि वरातीत, सगळ्यांच्या पुढे, टोपी उडवत नाचणारा एक तरुण.

“अक्का,” हौसाक्काने अंजनाक्काला कोपराने ढोसलं. “तुझं संपतराव बघ. कसं नाचायलेत! आन् म्हणं कधी नाचलं न्हाईत.”

अंजनाक्का पदर तोंडाला लावून बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी ती खो खो हसत होती. “मेलं मला सांगायचं, मी वरातीत गॅसबत्ती धरली हुती!”

“आजी, हे आजोबा?” ईराने विचारलं.

“व्हय गं. आन् बघ, त्यांचीच ऊब लागाय लागलीय द्राक्षांना.”

पाऊस दोन दिवस रेंगाळला. ते दोन्ही दिवस गावाने पेटीला रिकामं राहू दिलं नाही. दळण संपतंय असं वाटलं, की शेजारच्या गावातून नवीन यायचं. तिथल्या शाळेने तर आपल्या सगळ्या स्नेहसंमेलनांचा ढीगच आणून ओतला.

*

माल झाडायच्या दिवशी अख्खं गाव शेडभोवती गोळा झालं. बायकांनी जाळ्या हलवल्या आणि खाली पसरलेल्या कापडावर बेदाणा सरसरत पडला. अंजनाक्का वाकली, पण तिने मूठ भरली नाही. ती मागे सरली.

“हौसे, तू बघ. माझं मत आज धरायचं न्हाई.”

हौसाक्काने मूठभर बेदाणा उचलला, उन्हात धरला, एक मणी तोंडात टाकला. सावकाश चावला. मुद्दाम सावकाश. ईरा टाचा उंचावून बघत होती.

“काळा न्हाई,” हौसाक्का म्हणाली. मग आणखी चावून, “पिवळाबी न्हाई.” मग ऋतुराजकडे वळून, “जावईबापू, तुमचा नारळ आता आम्ही फोडूनच खाणार. पोपटी हाय, पोपटी!”

पुढच्या ग्रामसभेत ठराव एकमताने झाला. गावाने फक्त एक अट घातली : केंद्राची ऊब आधी बेदाण्याला, मग माळाला. ऋतुराजच्या वरच्या साहेबांनी ती आनंदाने मान्य केली. ग्रामसेवक मात्र ओशाळला होता. सूचनेतलं नाव चुकलं, ते बदलून ‘संगणक केंद्र’ करावं असं तो म्हणाला. गाव ऐकायला तयार नव्हतं. इतकी वर्षं ढगाने आम्हाला छळलं, आता एक पकडून ठेवलाय तर नाव कशाला बदला? म्हणून माळावरच्या त्या पांढऱ्या पेटीवर आजही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे : ‘ढग साठवण केंद्र, बोरजाईवाडी’. खाली कुणीतरी खडूने जोडलंय, ‘दळण आणल्याशिवाय येऊ नये’.

ठराव झाला त्या संध्याकाळी अंजनाक्का न्हाणीकडे गेली, तर मागच्या दारी तिच्या वहाणांशेजारी दोन लहान चपला ठेवलेल्या होत्या. कुणाला न विचारता. एक सरळ, एक उलटी. तिने उलटी चप्पल सरळ केली आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

दक्षिणेला, शेजारच्या डोंगरामागून, एक चुकार ढग डोकं वर काढत होता. एरवी तिने त्याला शिव्या घातल्या असत्या. आज तिने कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं.

“ये बाबा,” ती म्हणाली. “पण येतोस तर कामाला ये. रिकामा फिरू नगंस.”